लाव्हाने उभारलेली पावसाची भिंत

नेरळ हे नाव बहुतेकांना माथेरानच्या छोट्या गाडीमुळे ठाऊक आहे. ठाकूरवाडी त्याहून अनोळखी. कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली की मधे लागणारं, जिथे प्रवासी सहसा उतरत नाहीत असं स्थानक. पण प्राचीन ज्वालामुखींचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ही दोन्ही नावं चांगली माहीत आहेत. १९८०च्या दशकात मुंबईच्या आयआयटीतले प्रा. के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचे नमुने थराथराने गोळा करून त्यांचं रासायनिक पृथक्करण केलं. एकसारख्या घडणीच्या थरांचे गट पाडले आणि त्या गटांना जवळच्या गावांची, ठिकाणांची नावं दिली. खालून वर चढत गेलं की नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा असे हे गट एकावर एक येतात. कर्जत-खालापूरचा माणूस रोज ज्या डोंगरांकडे बघत शेतावर जातो, ते डोंगर म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातल्या एका फार मोठ्या उलथापालथीची नोंदवही आहे.

ती उलथापालथ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून हा भूखंड उत्तरेकडे सरकत होता आणि आज रियुनियन बेट जिथे आहे, त्या भागातल्या खोल उष्ण स्रोतावरून जात होता. त्या बेटावरचा ज्वालामुखी आजही धगधगतो. दख्खनमध्ये मात्र फुजीसारखा एखादा शंकूच्या आकाराचा डोंगर फुटला नाही. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा उसळून चहूकडे पसरला. एक लोट थंड व्हायचा, मग त्याच्यावर दुसरा यायचा. असे शेकडो लोट साचून आजचं दख्खनचं पठार झालं. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. मूळचा विस्तार याहून कितीतरी मोठा होता. पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून अधिक भरते. काही लोट तर घाटाच्या बाजूने निघून थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर वाहत गेले. पृथ्वीवर याहून लांब गेलेले लाव्हाचे लोट माहीत नाहीत.

बोरघाटात रस्त्यासाठी किंवा रेल्वेसाठी कापलेल्या उभ्या कड्यांकडे नीट पाहिलं, तर काळ्या खडकाच्या मधून आडव्या लालसर पट्ट्या गेलेल्या दिसतात. पट्टी कुठे हातभर, कुठे त्याहून जाड. घाटातल्या सगळ्या खडकांत या पट्ट्यांचं मोल अधिक आहे. एक उद्रेक थांबला की मधे मोठा काळ शांततेचा जायचा. त्या काळात खडक झिजायचा, माती व्हायची, तिच्यात हवेतून उडत आलेली ज्वालामुखीची राखही मिसळायची. मग पुढचा लोट यायचा आणि ती माती खाली भाजून निघायची. म्हणजे काळा थर उद्रेकाचा आणि लाल पट्टी विश्रांतीची. या मातीत कधीकधी झिरकॉन नावाचे अतिसूक्ष्म स्फटिक सापडतात आणि त्यांच्यातल्या युरेनियमवरून त्या थराचं वय काढता येतं.

विश्रांतीच्या काळात जमीन ओसाड राहत नव्हती. तळी साठत, झाडं वाढत, बेडूक ओरडत. हे कल्पनेने लिहिलेलं नाही. मुंबईत वरळीच्या टेकडीजवळ लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले आणि १८४७मध्येच त्यांचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याजवळ मिळालेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचं २००५मध्ये सिद्ध झालं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, असं मानलं जाई. पुढे २०११मध्ये मध्य भारतातल्या अशाच अवशेषांत भाताच्या कुळाशी नातं सांगणारं गवतही ओळखलं गेलं. ज्या तालुक्यातल्या भात संशोधन केंद्राने कर्जत-३, कर्जत-७ अशा वाणांनी कोकणातली शेती बदलली, त्या तालुक्याच्या वाचकाला भाताच्या कुळाचा हा दूरचा पूर्वज मुद्दाम सांगायला हवा.

लाव्हा जिथे पोचतो तिथलं जाळतो. जगाचं हवामान मात्र लाव्हाने बदलत नाही, त्याच्यासोबत निघणाऱ्या वायूंनी बदलतं. त्यात दोन वायू महत्त्वाचे. सल्फर डायऑक्साइड वातावरणात उंच गेला की त्याचे बारीक आम्लकण होतात आणि ते सूर्यप्रकाश परत फेकतात. पृथ्वी काही वर्षं गार पडते. कार्बन डायऑक्साइडचं काम उलट आणि सावकाशीचं. तो हजारो वर्षं हवेत साचत जातो आणि पृथ्वी तापवतो. १९९१च्या जूनमध्ये फिलिपाइन्समधल्या पिनाटुबोने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, तेवढ्याने जगाचं सरासरी तापमान पुढच्या वर्षभरात सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. दख्खनच्या एकेका मोठ्या लोटासोबत किती वायू निघाला असेल, याचा अंदाज त्यावरून बांधावा.

समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांत त्या काळाचं तापमान टिकून आहे. डायनोसॉर नष्ट होण्याच्या सुमारे तीन लाख वर्षं आधी पृथ्वी दोन ते चार अंशांनी तापली आणि नंतर पुन्हा निवली, असं ते नमुने सांगतात. या तापण्याचं खापर बरेच संशोधक दख्खनच्या उद्रेकांवर फोडतात. मग मेक्सिकोतल्या चिक्शुलूबजवळ उल्का आदळली. डायनोसॉरना उल्केने मारलं की आपल्या दख्खनने, हा वाद १९८० सालापासून चालू आहे. २०१९च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, दोन्ही पश्चिम घाटातल्या खडकांवरचे. प्रिन्स्टनच्या गटाने झिरकॉनवरून म्हटलं की उद्रेक चार मोठ्या टप्प्यांत झाले आणि त्यांतला एक उल्केच्या थोडा आधीचा आहे. बर्कलेच्या गटाने आर्गॉन वायूच्या मोजणीवरून म्हटलं की उद्रेक बऱ्यापैकी सलग चालू होते आणि लाव्हाचा मोठा वाटा उल्केनंतर बाहेर पडला. उल्केचा घाव निर्णायक होता याकडे आज बहुतेकांचा कल आहे. पण त्या घावाआधी आणि नंतरही जगाची हवा इथून, या डोंगरांच्या बाजूने बिघडत होती, हे कुणी नाकारत नाही.

माणूस त्या वेळी नव्हता. मग असा उद्रेक माणसाच्या वस्तीवर, नदीवर, राज्यावर काय परिणाम करतो हे पाहायचं, तर अलीकडचा इतिहास उघडावा लागतो. दख्खनसारखाच भेगेतून झालेला एक उद्रेक इतिहासात नीट नोंदलेला आहे. ८ जून १७८३ रोजी आइसलंडमध्ये लाकी इथे जमीन फाटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. लाव्हा सुमारे १५ घन किलोमीटर, म्हणजे दख्खनच्या मोठ्या लोटांपुढे किरकोळ. पण वायू सुमारे १२ कोटी टन. आइसलंडची जवळजवळ पंचमांश माणसं उपासमारीने गेली. आणि हजारो किलोमीटरवरच्या इजिप्तमध्ये नाईल नदीला सलग दोन वर्षं पुरेसा पूर आला नाही. त्या सुमारास तिथे फिरलेल्या व्होल्नी या फ्रेंच प्रवाशाने देशाची सहाव्या हिश्शाइतकी लोकसंख्या मेली किंवा परागंदा झाल्याचं लिहून ठेवलं आहे. भारतातही १७८३-८४मध्ये उत्तरेकडे 'चालिसा' नावाचा भीषण दुष्काळ पडला. त्याला एल निनोही कारण होता, एकट्या लाकीला दोष देता येणार नाही. पण लाकीच्या वायूंनी आफ्रिका आणि भारत या दोन्हीकडचा मोसमी पाऊस दुबळा झाला, असं हवामानाची गणितं दाखवतात.

नाईल आणि आइसलंड यांचा काय संबंध? संबंध मोसमी पावसाचा. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून समुद्रावरचे ओले वारे जमिनीकडे धावतात. ज्वालामुखीच्या आम्लकणांनी ऊन अडवलं की जमीन पुरेशी तापत नाही. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटतो आणि वारे अर्ध्या मनाने येतात. नाईलचा पूर इथिओपियाच्या डोंगराळ पठारावरच्या पावसाचा, आणि तो पाऊस आपल्या नैऋत्य मोसमी पावसाचा भाऊबंद. एवढंच नाही, इथिओपियाचं ते पठारही दख्खनसारखं भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचं आहे, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचं. इजिप्तच्या शेतांत नाईलने हजारो वर्षं आणून टाकलेला काळा गाळ बराचसा त्याच खडकाचा चुरा. विदर्भ-मराठवाड्याची काळी कसदार जमीनही अशीच लाव्हातून झालेली आहे.

आता राज्यावरचा परिणाम. इजिप्तवर टॉलेमी घराण्याने इसवीसनपूर्व ३०५ ते ३० या काळात राज्य केलं. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका इथल्या बर्फात उद्रेकांच्या आम्लाचे थर वर्षवार साठलेले आहेत. जोसेफ मॅनिंग, फ्रान्सिस लडलो आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये त्या नोंदी इजिप्तच्या पपायरसांवरच्या आणि शिलालेखांवरच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. कैरोजवळच्या रोडा बेटावर इसवीसन ६२२पासून पुराच्या उंचीची मोजमापं राखलेली आहेत. त्यांवरून उद्रेकाच्या वर्षी पूर सरासरीने वीस-बावीस सेंटीमीटरनी कमी भरायचा, असं दिसलं. सपाट खोऱ्यात तेवढ्या उंचीने किती शेतं कोरडी राहत असतील! टॉलेमींच्या काळात मोठ्या उद्रेकांपाठोपाठ बंडं उसळण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. तिसऱ्या टॉलेमीने इसवीसनपूर्व २४५च्या सुमारास जिंकत आलेली मोहीम अर्धवट टाकून घर गाठलं, त्याच्या अलीकडे-पलीकडे उद्रेक नोंदलेले आहेत. इसवीसनपूर्व ४३मध्ये अलास्कातला ओक्मोक फुटला आणि क्लिओपात्राच्या राज्यात लागोपाठ दोन वर्षं नाईलचा पूर हुकला. राज्य बुडण्याला रोमचं राजकारण होतंच. पण रिकाम्या कणग्यांनी ते राजकारण किती अवघड केलं असेल, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

असा परकीय ज्वालामुखी महाराष्ट्राच्या नद्यांवरही उतरलेला आहे. कर्जतच्या वरच्या अंगाला भीमाशंकर, त्याच्या उत्तरेला नाणेघाट, आणि नाणेघाटाजवळ कुकडी नदी उगम पावते. जुन्नर तालुक्यात बोरी इथे या नदीच्या जुन्या गाळात पांढुरक्या राखेचा थर आहे. कऱ्हा नदीकाठी मोरगावलाही तो आहे. ही राख दख्खनची नाही, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याच उद्रेकाची की टोबाच्या याहून कितीतरी जुन्या उद्रेकाची, यावर १९८०च्या दशकापासून संशोधक भांडत आहेत. त्याला कारण आहे: राखेच्या संगतीत आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली आहेत आणि राखेचं वय ठरलं की महाराष्ट्रातल्या माणसाचं वय ठरतं. आंध्रातल्या ज्वालापुरम इथे मात्र टोबाच्या राखेच्या खाली आणि वर जवळपास एकसारखी हत्यारं सापडली. एवढ्या मोठ्या आपत्तीतूनही तिथली माणसं टिकून राहिली, असा त्याचा अर्थ २००७मध्ये लावला गेला.

या सगळ्या उद्रेकांचा हवामानावरचा परिणाम काही वर्षांत, फार तर काही हजार वर्षांत ओसरला. दख्खनचा परिणाम मात्र अजून ओसरलेला नाही. दर जूनमध्ये तो कर्जत-खालापूरच्या अंगणात उतरतो.

लाव्हाचं पठार झाल्यावर भारताचा पश्चिमेकडचा तुकडा तुटून समुद्रात गेला. आजची सेशेल्स बेटं त्याचाच उरलेला भाग. तुटलेल्या कडेचा उंच कडा पावसाने, ओढ्यांनी झिजत झिजत पूर्वेकडे मागे सरत गेला. सरताना वाटेत जे डोंगर टिकले ते माथेरान, प्रबळगड, चंदेरी, इर्शाळगड. माथेरान सह्याद्रीपासून सुटं का उभं आहे, या प्रश्नाचं उत्तर हेच. तिथली लाल माती म्हणजे काळा पाषाण लाखो वर्षं पावसात कुजून झालेला जांभा.

मागे सरलेला कडा आज अरबी समुद्रावरून येणाऱ्या ढगांच्या वाटेत भिंतीसारखा उभा आहे. ढग तिच्यावरून चढताना गार होतात आणि रिते होतात. कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लोणावळ्याला चार हजारांच्या वर. तिथून फार दूर नसलेल्या पुण्याला सातशेच्या आसपास. कोकणचं भात आणि देशावरची ज्वारी यांच्यामधली सीमा या लाव्हाच्या कड्याने आखली आहे.

नद्यांची वाटणीही त्यानेच केली. खांडसहून शिडीघाट चढून भीमाशंकरला गेलेला माणूस अरबी समुद्रापासून शंभर किलोमीटरच्याही आत असतो, पण तिथे उगवणारी भीमा समुद्राकडे पाठ फिरवून साडेआठशे किलोमीटर चालते आणि कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराला जाते. पठार पूर्वेकडे कललेलं आहे, नदीला दुसरी वाट नव्हती. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब उल्हास किंवा पाताळगंगेत जातो आणि थोडक्या वेळात खाडी गाठतो. म्हणून या नद्यांचे पूर अंगावर धावून येणारे असतात. २७ जुलै २०१९ रोजी वांगणी-बदलापूरदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना नावांतून बाहेर काढावं लागलं.

हीच वाटणी माणसाने विसाव्या शतकात थोडी फिरवली. टाटांनी घाटमाथ्यावर वळवण, शिरवता, लोणावळा अशी धरणं बांधली; पूर्वेला जाणारं पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत सोडून १९१५मध्ये वीज काढली. १९२२मध्ये आंध्रा नदीचं पाणी भिवपुरीला उतरलं. वीज मुंबईला गेली आणि खाली सोडलेलं पाणी पाताळगंगेला, पेज नदीला मिळालं. पेज उन्हाळ्यातही वाहते, राजनाल्याच्या कालव्यावर कर्जतमध्ये उन्हाळी भात होतं, ते या पाण्यामुळे. कड्याची उंची नसती तर ही वीजही नव्हती आणि हे दुसरं पीकही नव्हतं.

याच पावसाने आणि नद्यांनी आणखी एक काम चालवलं आहे. काळा पाषाण पाण्यात हळूहळू विरघळतो तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात बांधला जातो आणि नद्यांवाटे समुद्रतळाशी जाऊन बसतो. उष्ण आणि ओल्या हवेत हे काम भराभर होतं. उद्रेकांनी हवेत सोडलेला वायू दख्खनचा खडक कोट्यवधी वर्षं असा परत ओढून घेतो आहे.

हा खडक वाचायची कला इथल्या माणसाला जुनी. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची. तिथल्या शिलालेखात कण्हाचा शिष्य बालक याचं नाव कोरलेलं आहे. एवढ्या जुन्या कारागिराचं नाव टिकणं दुर्मीळ. त्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घाटांनी देशावर जाई आणि वाटेवर भिक्षूंचे विहार उभे राहिले. लेणं कोरायला भेग नसलेला, एकजिनसी कातळ लागतो. कोणता थर अखंड आहे, कोणता भुसभुशीत आहे, पाणी कुठे झिरपेल, टाकं कुठे खोदावं, हे पाथरवटांनी बरोबर हेरलेलं होतं. १८६३मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेने त्याच थरांतून पंचवीस बोगदे काढले आणि त्या खोदकामात खडकाच्या पोकळ्यांतले झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळाले.

पण जे थर लेण्याला सोयीचे, तेच वस्तीला धोक्याचेही ठरतात. घट्ट कातळावर भुसभुशीत मुरमाचा थर, त्यावर माती, आणि तीव्र उतार. सलग मुसळधार पावसाचं पाणी वरच्या थरात मुरतं, खालच्या कातळावर अडतं, आणि मधला थर निसटतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेलं, २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचं तळीये. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं बेपत्ता म्हणून जाहीर झाली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं.

ती यादी पुरी करणं हे आजचं सर्वांत निकडीचं काम आहे. थरांचे नकाशे भूशास्त्राकडे आहेत, पावसाचे आकडे हवामान खात्याकडे आहेत. उतारावर नव्याने पडलेली भेग, कललेलं झाड, एकाएकी गढूळ झालेला झरा हे सगळ्यांत आधी वाडीतल्या माणसाला दिसतं. कर्जत-खालापूरच्या कड्याखालच्या प्रत्येक वाडीची पाहणी तिथल्या ठाकर-कातकरी माणसांना सोबत घेऊन, पावसाळ्याच्या आत व्हावी, तिचा नकाशा ग्रामसभेत लावावा, आणि जिथे धोका दिसेल तिथल्या लोकांना त्यांच्या शेताजवळ, त्यांच्या संमतीने पक्की घरं मिळावीत. दरड कोसळल्यावर मदत पोचवण्यापेक्षा हे स्वस्तही आहे आणि शक्यही.